मंगळवारपर्यंत

रोथाला मंगळवारपर्यंत उत्तर हवंय.
कायद्याच्या वर्गात प्रश्न दिलाय:
परकी फौज घुसवून एखादी राजवट उलथणं
न्याय्य ठरतं का? हजार शब्दांत.
ती माझ्या दुकानात स्टुलावर बसते,
किल्ल्यांचा कीस स्कर्टला लावून घेते
आणि म्हणते, काका, तुम्ही तर तिथे होता.

होतो.
पोसातच्या पलीकडे, भाताच्या कोठारापासून
चाळीस पावलांवर.
दाराला फ्रेंच अमदानीतलं पितळी कुलूप.
आत साळ. बाहेर आम्ही, पेज पिणारे.
पेज कसली, गढूळ पाण्यात मोजून सात दाणे.
मी कुलूपवाला आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं.
सायकलरिक्षा ओढायचो, असं सांगितलं होतं.
हात असलेली माणसं ते वापरायचे,
डोकं असलेली पुरायचे,
कुलपं उघडणाऱ्याचं काय करतील
हे विचारायला मी गेलो नाही.

प्रत्येकाकडे स्वतःचा म्हणून एक चमचा होता, बस.
माझ्या चमच्याचा दांडा मी रात्री दगडावर घासला,
बारीक केला, टोकाला वाकवला.
ते कुलूप एका मिनिटाचं काम होतं.
तीन पावसाळे
ते मिनिट मी कमरेला खोचून हिंडलो.
माझी मालिस तिथेच गेली, चाळीस पावलांवर,
भर दुपारी, कुणाला हाक न मारता.
तेव्हाही मी उठलो नाही.

हे लिहू नकोस.

मग जानेवारीत ते आले.
हिरव्या टोप्यांचे शेजारी,
लहानपणी ज्यांच्या नावाने घाबरवून
आम्हाला झोपवायचे, तेच.
पहारेकरी डोंगराकडे पळाले, किल्ली घेऊन.
एक पोरगा, मिसरूडही न फुटलेला,
कुलपावर बंदूक रोखून उभा.
मी चमचा दाखवला. थांब म्हटलं. एकच मिनिट.
त्याला आमची भाषा कळेना.
त्याने गोळी घातली.

आम्ही साळ तशीच चावली, टरफलांसकट.
काहीजण त्यानेच मेले, तोंडात घास असताना.
तुझा बाप दहा वर्षांचा. त्या पोराने त्याला
आपल्या डब्यातला भात भरवला,
नाक पुसलं त्याचं, बाहीने.
हे लिही.

आणि हेही, की गोळी घातलेलं कुलूप
पुन्हा लागत नाही.
दहा वर्षं ते दार तसंच वाऱ्यावर.
ओसरीवर टेकायला आलेले माजघरात झोपू लागले.
कचेरीत आमच्या साहेबाच्या खुर्चीमागे
त्यांचा सल्लागार, उभ्यानेच सही सांगणारा.
सतराव्या वर्षी तुझ्या बापाला ट्रकात घालून
सरहद्दीवर नेलं, जंगल तोडायला, सुरुंगांमधून.
गेला तेव्हा दोन पायांवर गेला.

तिकडे समुद्रापार, जगाच्या दरबारात,
आमच्या नावाची खुर्ची अजून
पळालेल्यांच्याच बुडाखाली.
सगळे म्हणायचे, दुसऱ्याच्या देशात घुसणं चूक.
बरोबर होतं त्यांचं.
मालिस गेली तेव्हाही
ते बरोबरच होते.

"मग हो, की नाही?"
रोथा पेन दातावर टकटकवते.
तिच्या प्राध्यापकांनी म्हणे फळ्यावर लिहिलंय,
बदल आतून यायला हवा.
हो ना, बाई. आतूनच.
माझ्या कमरेला होता तो.

मागच्या खोलीत तिचा बाप
लाकडी पायाचे पट्टे आवळत असतो.
त्याने सगळं ऐकलंय. दारात येतो,
भिंतीला धरून उभा राहतो थोडा वेळ.
"मीठ होतं त्या भातात," म्हणतो.
एवढंच. मग बाजाराची पिशवी घेतो
आणि बाहेर पडताना, रोजच्यासारखा,
उंबऱ्याला अडखळतो.

एक बाई कपाटाची किल्ली घेऊन आलीय,
हिच्यासारखी दुसरी करून द्या म्हणते.
मी कानस उचलतो.
रोथा काहीतरी लिहिते, खोडते.
परवा मंगळवार.